जपानला जाण्याआधी

४ ऑगस्ट

ती. बाबा,

फोनवर सांगायला गेले तर ‘जपान’ हा एकच शब्द मला चार वेळा ओरडावा लागला, आणि शेवटी तुम्ही म्हणालात, “हो हो, जपूनच राहतो.” इकडे थोरली हसून हसून गादीवर लोळली. तेव्हाच ठरवलं, तुमच्या कानांशी झगडण्यापेक्षा पत्र बरं.

जपून नाही बाबा, जपान! आम्ही चौघं आणि तुम्ही. येत्या फेब्रुवारीत, थोरलीच्या शाळेला आठवडाभर सुट्टी असते तेव्हा. चार वर्षं पैसे बाजूला टाकतोय. माझ्या एक्स-रे विभागातल्या जादा पाळ्यांचे आणि यांच्या छपाईच्या दुकानात परीक्षांच्या दिवसांत येतात ते. आई गेली तेव्हाच मनात आलं होतं की एकदा सगळ्यांनी मिळून लांब कुठेतरी जायचं. तुम्हाला बोलले नाही, कारण तुम्ही लगेच “कशाला?” म्हणाला असता.

अंदाजपत्रक सोबत जोडलंय. निम्मे पैसे विमानच खातंय. राहायला दोन खोल्या, लहान आहेत पण स्टेशनजवळ. बारक्याला मार्चमध्ये सहा पूर्ण होतात, त्याच्या आत गेलो तर तिकडच्या आगगाडीत त्याला तिकीट लागत नाही. हा शोध यांचा, आणि तो लावल्यापासून घरात छाती काढून फिरतायत. एकूण सात दिवस. त्यातले तीन दिवस पाळण्यांच्या दोन मोठ्या पार्कांचे, टोकियोजवळ दोन आणि ओसाकाला एक. आठवड्याच्या मधल्या वारी गेलं तर पार्कचं तिकीट स्वस्त पडतं, म्हणून सगळं त्याभोवती बसवलंय.

थोरलीने दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने स्वतःची उंची आखलीय. तिला ओसाकाच्या ज्या मोठ्या रोलर कोस्टरमध्ये बसायचंय त्याला एकशे बत्तीस सेंटिमीटर लागतात. ती एकशे चौतीस भरली. बारक्या नव्याण्णव, तोही टाचा उचलून.

तुम्ही फक्त पासपोर्टचं बघा. बाकी सगळं माझ्यावर सोडा.

तुमची
ठकू

१२ ऑगस्ट

ठकू,

पत्र पोचलं. यंत्रांशेजारी आयुष्य गेल्यामुळे कान गेले, पण डोळे शाबूत आहेत. तुझा कागद मी दोनदा वाचला. चांगला केलायस. विम्याची रक्कम मात्र कमी धरलीस, म्हाताऱ्याचा विमा महाग असतो. मुलांना नवे बूट आत्ताच घे आणि इथेच चालून चालून सैल करून घे, नाहीतर तिकडे पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतील.

पासपोर्टचे फोटो काढले. फोटोवाला म्हणाला, दात दाखवू नका. म्हटलं, असते तर दाखवले असते.

एक सुचवतो. पार्कांचे तीन दिवस काढून टाक. पाच जणांची तीन दिवसांची तिकिटं वाचली तर खोल्या बऱ्या मिळतील आणि वर चार पैसे उरतील. तिथे जाऊन करायचं काय, रांगेत उभं राहायचं. त्यापेक्षा त्यांच्या गाड्या बघा, पूल बघा. आगगाड्यांचं मोठं संग्रहालय आहे म्हणतात. बागा आहेत. पाळणे काय, कुठेही सारखेच. वर जातात आणि खाली येतात.

बारक्याला म्हणावं, टाचा उचलल्या तर मोजणाऱ्याला कळतं.

बाबा

२१ ऑगस्ट

ती. बाबा,

तुमचं पत्र मोठ्याने वाचायला घेतलं आणि मधेच थांबले, कारण थोरलीचं तोंड पडत चाललं होतं. काटकसर कुठे करायची याला काही धरबंध? अकरा वर्षांच्या पोरीला एवढ्या लांब नेऊन मी पूल दाखवू? पैसे तिच्यासाठी जमवलेत, उरवण्यासाठी नाही.

आणि हे तुम्ही सांगताय याचं मला जास्त नवल वाटलं. बाबा, तुम्ही अकरा वर्षं पाळण्यांच्या बागेत फिटर होतात! माझे वडील तिथे काम करतात एवढ्या एका गोष्टीवर वर्गात माझा रुबाब होता. रविवारी तुमचा डबा घेऊन यायचे आणि संध्याकाळपर्यंत घरी जायचं नाव घ्यायचे नाही. ते गाव सोडल्यावर मात्र तुम्ही मला एकदाही कुठल्या पाळण्यात बसवलं नाहीत. मैत्रिणींबरोबर जाते म्हटलं तरी काहीतरी कारण काढायचात. तेव्हा वाटायचं, नव्या नोकरीत दमतात. आता वाटतं, तिकिटाचे पैसे जिवावर येत असतील.

रागाने लिहितेय, मनाला लावून घेऊ नका. आज घरात सगळंच बिनसलंय. थोरलीचा तो कोस्टर नेमका आपल्या आठवड्यात बंद. पार्कवाल्यांनी यादी लावलीय, वार्षिक तपासणीसाठी वीस फेब्रुवारीपर्यंत. ती सकाळपासून जेवली नाही. हे म्हणाले, दुसऱ्यात बस. असं बोलून काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

ठकू

२९ ऑगस्ट

ठकू,

तारखा पुढे ढकल. त्या तपासणीच्या आधी अजिबात जाऊ नकोस, ती झाल्यावर लगेचच्या आठवड्यात जा. शाळेचे चार दिवस बुडाले तर बुडू देत.

तपासणी म्हणजे झाडलोट नव्हे. सगळी चाकं उतरवतात. चाकं धरून ठेवणाऱ्या जाड लोखंडी पिना काढून धुतात, त्यांच्यावर रंग सोडतात आणि पुसतात. जिथे तडा असेल तिथे रंग आत शिरलेला दिसतो, तो तडा डोळ्याला एरवी दिसत नाही. जे लोक ऐन हंगामाआधी पाळणा महिनाभर बंद ठेवून तोटा सोसतात, त्यांच्या पाळण्यात पोरीला बसवायला हरकत नाही. थोरलीला सांग, बंद आहे ही चांगली बातमी आहे.

तिकिटांचे वार बदलले की आकडे बदलतील. वरची रक्कम मी पाठवतो, नाही म्हणू नकोस.

मी मात्र येत नाही. गुडघे दुखतात. माझं नाव काढून टाक, म्हणजे तुमचंही सोपं होईल.

बाबा

६ सप्टेंबर

ती. बाबा,

तारखा बदलल्या. चोवीस फेब्रुवारीला निघायचं. थोरली जेवायला लागली, आणि ‘रंग सोडून तडा बघतात’ हे तिने शाळेत सगळ्यांना सांगितलंय.

आता तुमच्या गुडघ्यांचं. मे महिन्यात त्यांचा एक्स-रे कोणी काढला होता? मी. तुमचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत, बाबा. दुसरं काहीतरी कारण काढा.

मला कळतं काय ते. तुम्ही अजून त्या अपघाताचंच धरून बसलायत. मी लहान होते, पण अगदीच काही कळत नव्हतं असं नाही. एक मुलगी गेली, बाग काही महिने बंद राहिली, शिट्टीकाकांना पोलीस घेऊन गेले. पाळणा सुरू करताना ते शिट्टी वाजवायचे, आणि मी बसलेली असले की आणखी एक फेरी फुकट. मला ते फार आवडायचे, म्हणून तर त्यांचा जास्त राग आला. पण एक माणूस दारू पिऊन यंत्रावर उभा राहिला, म्हणून तुम्ही तीस वर्षं सगळ्याच पाळण्यांवर डूख धरायचा? त्यांच्या पापाची शिक्षा थोरलीने का भोगायची?

तिने भिंतीवर सात दिवसांचा तक्ता लावलाय. ओसाकाच्या चौकोनात लिहिलंय, ‘मी आणि आजोबा’. ते मी खोडणार नाही. खोडायचं असेल तर इथे येऊन तुम्ही खोडा.

तुमचं तिकीट काढलंय.

ठकू

३ ऑक्टोबर

ठकू,

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली.

शिट्टीकाका त्या दिवशी प्यायला नव्हता.

तुम्ही मुलं ज्याला खेकडा म्हणायचात, तो आठ हातांचा पाळणा आठवत असेल. प्रत्येक हाताच्या टोकाला एक डबा. हात वर-खाली व्हायचा तो एका जाड पिनेवर. त्या शुक्रवारी ग्रीस भरताना सहाव्या हाताच्या पिनेवर मला केसाएवढी रेघ दिसली. नख फिरवलं. नख अडकलं. मी मालकाकडे गेलो. तो म्हणाला, “गर्दीचे दोन दिवस जाऊ देत, सोमवारी बदल.” मी म्हणालो, “निदान सहावा डबा बंद ठेवू.” तो म्हणाला, “एक बंद दिसला की लोक उरलेल्या सातांतही बसत नाहीत.”

शनिवारी काही झालं नाही. रविवारी सकाळी तपासणीचा कागद घेतला. त्यावर बारा रकाने असायचे. बाराही रकान्यांत मी ‘ठीक’ लिहिलं आणि खाली सही केली. कोणी माझा हात धरला नव्हता. नोकरी जाईल एवढीच भीती होती, आणि दोन दिवसांत काय होतंय असंही वाटलं.

दुपारी चारला सहावा हात सुटला. डब्यात ती मुलगी एकटी होती. मी पंपाजवळ होतो, धावत गेलो. त्यापुढचं लिहीत नाही. ती अकरा वर्षांची होती. तूही तेव्हा अकराचीच होतीस.

मालकाने चौकशीत सांगितलं, चालवणारा प्यायलेला होता, त्याने वेग वाढवला. चौकशीच्या साहेबाने मला एकच प्रश्न विचारला, “सकाळी पिन पाहिली होती का?” मी म्हणालो, “पाहिली होती साहेब, ठीक होती.” शिट्टीकाका समोरच्या बाकावर बसला होता. माझ्याकडे बघत होता. मी साहेबाच्या टेबलावरच्या कपाकडे बघत राहिलो. त्याला आठ महिन्यांची कैद झाली. मला मालकाच्या भावाच्या कारखान्यात नोकरी मिळाली, दीडपट पगाराची. आपण गाव सोडलं ते त्यासाठी. तुला सांगितलं, बाबांना बढती मिळाली.

तुझ्या आईला ठाऊक होतं. सामान बांधताना तिने एकदाच विचारलं, “तो प्यायला होता का?” मी नाही म्हणालो. तिने पुढे काही विचारलं नाही. पण त्या दिवसानंतर तिने मला घरातली एकही वस्तू दुरुस्त करायला सांगितली नाही. नळ गळला तरी बाहेरून माणूस बोलवायची. तुला वाटायचं, बाबा दमून येतात म्हणून.

तू ‘त्यांच्या पापाची शिक्षा’ असं लिहिलंस. त्याच्या नावावर ते आणखी राहू द्यायला नको, म्हणून सांगितलं. थोरली त्या पाळण्यात बसेल तेव्हा खाली उभं राहायची माझी हिंमत नाही.

बाबा

१ नोव्हेंबर

बाबा,

महिना होत आला. उत्तर लिहायला बसले की हात चालत नाही.

पत्र मी कामावर वाचलं, दोन पेशंटांच्या मधे. पुढच्या पेशंटच्या मनगटाला केसाएवढाच तडा होता. डॉक्टर म्हणाले, काही दिसत नाही. मी म्हणाले, आहे, पुन्हा बघा. रोज मी हेच करते, बाबा. तुम्हीच शिकवलंत असं लोकांना सांगायचे. माझे वडील फिटर होते, नजर त्यांची घेतलीय. आता हे वाक्य कोणासमोर कसं म्हणू?

तुम्ही घाबरलात हे मी समजू शकते. घरी मी, आई, हातात दुसरं काम नाही. पण साहेबासमोर खोटं बोललात तेव्हा मुलगी गेलेली होती. तेव्हा फक्त एका माणसाला वाचवायचं उरलं होतं, आणि तो समोर बसला होता. आणि नंतर? एकतीस वर्षं? मी मैत्रिणींना ती गोष्ट रंगवून सांगायचे. दारुड्या काकाची. मला न कळू देता तुम्ही माझ्याही तोंडून ते वदवलंत.

ते जिवंत आहेत का, एवढं तरी तुम्हाला माहीत आहे?

थोरलीला मी काही सांगितलेलं नाही. तिला एवढंच ठाऊक की आजोबांचे गुडघे दुखतात. सांगायचं झालं तर ते तुमच्या तोंडून, माझ्या नाही. तुमचं तिकीट अजून रद्द केलेलं नाही. करावं की नाही, ते मला ठरवता येत नाहीये. हे विचारतात, काय झालंय. मी म्हणते, पैशांचं जमत नाहीये. बघा, मीही शिकले.

ठकू

९ डिसेंबर

ठकू,

जिवंत आहे. मी जाऊन आलो.

त्या गावी बसने गेलो. बागेच्या जागी आता फरशा विकायचं मोठं दुकान झालंय. आजूबाजूला विचारत विचारत दुसऱ्या दिवशी पत्ता मिळाला. त्याच्या मुलाचं काचा कापायचं दुकान आहे, बाप मागे खुर्चीवर बसलेला असतो. शहात्तर वर्षांचा झालाय. डोक्यावर केस नाहीत, पण बसणं तेच, एक खांदा पुढे काढून. त्याने मला लगेच ओळखलं. बस म्हणाला नाही.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शुक्रवारचं, रविवारचं, कपाचं. तो काहीतरी बोलला, ते मला कळलं नाही. मी कानाला हात लावून दाखवला. मग त्याने काचेचा एक तुकडा घेतला आणि खुणेच्या पेन्सिलीने त्यावर लिहिलं, “माहीत होतं.” ते पुसून खाली लिहिलं, “पाच वर्षं वाट पाहिली. मग सोडून दिली.”

त्याने पुन्हा काच पुसली. लिहिलं, “सहाव्या हाताचा करकर आवाज मलाही आला होता. तीन फेऱ्या आधी. तरी मी शिट्टी वाजवली.” हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. तेही त्याने पुसलं. शेवटी त्याने बोटाने पुढच्या दुकानाकडे दाखवलं आणि लिहिलं, “पोराला सांग.”

बापाला सांगणं एक वेळ जमलं, मुलाला सांगणं जड गेलं. तो टेबलावर मोठी काच कापत होता. मी बोलत असताना त्याने हात थांबवला नाही. रेघ सरळच गेली. काच मोडून दोन्ही तुकडे भिंतीला लावले, हात पुसले, आणि माझ्या कानाशी येऊन मोठ्याने बोलला. रस्त्यावरच्या माणसांनाही ऐकू गेलं असेल. गेलं असेल तर बरंच झालं. म्हणाला, “माझ्या बाबांनी कोणाच्या लग्नात कधी ग्लासाला हात लावला नाही. सरबताच्यासुद्धा. लोक बघतील म्हणून. माझ्या लग्नातसुद्धा नाही.” आणि म्हणाला, “आता जा तुम्ही.”

निघताना मी मागे बघितलं. शिट्टीकाकाने निरोपाला हात वर केला नाही. पाठही फिरवली नाही.

माफ कर असं मी त्याला म्हणालोच नाही, हे बसमध्ये लक्षात आलं. मागायचा मला हक्क नाही असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, मागायला हवी होती, देणं न देणं त्याच्याकडे. पुन्हा जाईन.

तेव्हा जिथे चौकशी झाली होती, त्या कचेरीत जाऊन लेखी जबाब दिला. कारकून म्हणाला, “आजोबा, इतक्या जुन्या प्रकरणाचं आता काय करायचं?” म्हटलं, फाईलला लावा. पुढे काय होईल ते त्यांनाही सांगता येत नाही. जे होईल ते होईल. मुलीच्या आईवडिलांचा पत्ता मागितला. ते गाव सोडून गेले, कुठे ते कोणाला माहीत नाही. विचारत राहीन.

तिकिटाचं तू ठरव. रद्द केलंस तर मला वाईट वाटणार नाही असं नाही, पण बरोबर वाटेल.

बाबा

२० डिसेंबर

ती. बाबा,

पत्र यांना वाचायला दिलं. सगळं सांगितलं. पत्राची घडी घालत हे म्हणाले, “एकटे गेले होते? जेवले कुठे?” मला एकदम रडू आलं.

मी तुमची मुलगी आहे, म्हणून त्या लोकांच्या वतीने तुम्हाला माफ करू शकत नाही. माझ्या वतीनेही अजून केलेलं नाही. पण तुम्ही गेलात. उभ्या उभ्या सांगितलंत. हे मला रोज आठवतं, रागाच्या मधेच आठवतं.

शाळेतल्या दोन मैत्रिणींना मी फोन केला आणि शिट्टीकाकांची गोष्ट दुरुस्त करून सांगितली. एकीला आठवतही नव्हती. दुसरीला सगळी आठवत होती, माझ्या शब्दांसकट. ती म्हणाली, “मग आता तुझे वडील?” मी म्हणाले, “आहेत.” दुसरं काय म्हणणार?

अंदाजपत्रकात एक बदल केलाय. पाहुण्यांसाठी धरलेल्या भेटवस्तू निम्म्या करून टोकियोतल्या खोल्या बदलल्या, जरा मोठ्या घेतल्या. एका खोलीत आम्ही दोघं आणि बारक्या. दुसऱ्या खोलीत तुम्ही आणि थोरली.

लोकरीचे मोजे दोन जोड आणा. विम्याचा कागद सही करून लगेच परत पाठवा. तुमच्या तक्रारीनंतर मी रक्कम वाढवलीय.

तिला कधी सांगायचं ते तुमच्यावर. परत आल्यावर सांगितलंत तर बरं, तिची सहल खराब नको.

ठकू

११ मार्च

ठकू,

तू तीन वेळा विचारलंस, ओसाकाला कसा गेला दिवस, आणि मी तिन्ही वेळा ‘छान’ म्हणालो. विमानतळावर, विमानात, टॅक्सीत, सगळीकडे माणसं. मला ऐकवायचं म्हणजे तुला ओरडावं लागतं, आणि हे ओरडून बोलायचं नव्हतं. म्हणून आता लिहितोय.

बारक्याला ताप भरला, म्हणून तुम्ही दोघं त्याच्याजवळ थांबलात. थोरली बूट घालून तयार होती. तू दार धरून थोडा वेळ उभी राहिलीस, मग म्हणालीस, “जा.” तेवढ्या एका शब्दासाठी तुला काय करावं लागलं असेल, ते मी पाहिलं.

कोस्टरची रांग दीड तासाची होती. ती माझ्या डाव्या कानाशी तोंड आणून बोलते, तिचं मला सगळं कळतं. म्हणाली, “आजोबा, तुम्ही अशाच ठिकाणी काम करायचात ना? मग आम्हाला त्या गोष्टी का नाही सांगत?” खोटं सांगणं सोपं होतं, नंतर सांगतो म्हणणंही सोपं होतं. तू परत आल्यावर सांगा म्हणाली होतीस. पण तिने मला विचारलं, आणि दर वेळी पुढच्यावर ढकलायची मला सवय आहे. मी सांगितलं. सगळं, पण तिच्या वयाला झेपेल असं. तिची सहल मी खराब केली असेल, तर त्याचा दोष माझ्याकडे.

रांग पुढे सरकत होती आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. मग तिने विचारलं, “तिचं नाव काय होतं?”

ठकू, हे मला कोणीच विचारलं नव्हतं. साहेबाच्या कागदावर ते होतं, त्याला विचारायची गरज नव्हती. तुझ्या आईने विचारलं नाही, तूही नाही. मला रोज आठवतं, पण एकतीस वर्षांत तोंडाने उच्चारलं नव्हतं. मी तिला नाव सांगितलं. तिने ते परत म्हणून बघितलं, बरोबर म्हटलं का असं विचारल्यासारखं. मी मान हलवली.

आमची पाळी जवळ आली तेव्हा ती म्हणाली, “हे नीट आहे का?”

मी म्हणालो, “मी तपासलेलं नाही. ज्यांनी तपासलंय त्यांच्यावर विश्वास ठेवावा लागतो.”

“तिनेपण तुमच्यावर ठेवला होता ना?”

“हो.”

आम्ही कठड्याला लागून बाजूला उभे राहिलो आणि मागच्या लोकांना पुढे जाऊ दिलं. लोकांना गाडीत बसवणाऱ्या तिथल्या मुलीने खुणेने विचारलं, मी खुणेनेच थांबा म्हणालो. दोन गाड्या सुटल्या. मी तिला सांगितलं, इथून परत फिरलो तरी चालेल, कोणी हसणार नाही. ती म्हणाली, “तुम्ही शेजारी बसणार असाल तर बसते.”

मी बसलो. त्या मुलीने आडवी दांडी खाली ओढली, मग स्वतःच्या हाताने ती एकदा हलवून बघितली, माझी आणि थोरलीची, आणि पुढच्या रांगेकडे गेली. प्रत्येकाची हलवून बघत होती. कोणालाच सोडलं नाही तिने. ते बघता बघता गाडी सुटली.

वरून काय दिसलं ते मला सांगता येणार नाही. थोरलीने माझी बाही घट्ट धरली होती, एवढंच आठवतं.

खाली उतरल्यावर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि रडली. बराच वेळ. मी जवळ उभा राहिलो. मग तोंड पुसून माझ्या कानाशी आली. “मी रडले ते आईला सांगू नका.”

“सांगणार,” मी म्हणालो. “मी आता आईपासून काही लपवत नाही.”

ती रागावली. पार्कच्या फाटकापर्यंत माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिली. पण रस्ता ओलांडताना थांबली, माझा हात धरला, आणि हॉटेलच्या दारापर्यंत सोडला नाही.

बाबा